रोबो शेतात आला. माणसाचा अभ्यास कसा करायचा?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड त्या दिवसांत भरून गेले होते. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याइतकी वाढलेली, ओळी दाटलेल्या, वरून गुलाबी बोंडअळीची धास्ती. दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र करून माणसे त्या दाटीत शिरत होती, आणि पाठीवरच्या पंपाचा बारीक तुषार पानांबरोबर त्यांच्या अंगावरही बसत होता. पुढे विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. त्यानंतर झालेल्या चर्चेत अनेक उपाय सुचवले गेले. त्यांतला एक असा की माणसाला फवाऱ्याच्या बाहेर काढा आणि ते काम यंत्राला द्या.

हे यंत्र आता आले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने ड्रोनविषयीचे नवे नियम लागू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस कृषी मंत्रालयाने ड्रोनने कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती ठरवून दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेने देशातल्या १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरवले. त्यासाठी १,२६१ कोटी रुपयांची तरतूद, किमतीच्या ८० टक्के आणि कमाल ८ लाख रुपये अनुदान, आणि चालवणाऱ्या बाईला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण अशी आखणी आहे.

आखून दिलेल्या मार्गाने स्वतः उडणारा, उंची सांभाळणारा, टाकी रिकामी झाली की परतणारा ड्रोन हा रोबोच आहे. हातपाय नाहीत एवढेच. म्हणून तो शेतात आल्यावर माणसांचे काय होते, हा प्रश्न माणूस आणि रोबो यांच्या संबंधांचा अभ्यास करणाऱ्या विद्याशाखेच्या कक्षेत येतो. या शाखेकडे आज कोणत्या पद्धती आहेत, त्यांवर कोणते वाद आहेत आणि यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्या कितपत उपयोगी पडतील, याचा हा आढावा.

शाखा कशी घडली

१९७० मध्ये मासाहिरो मोरी या जपानी अभियंत्याने एक छोटा निबंध लिहिला. रोबो माणसासारखा होत जातो तसा तो आवडू लागतो. पण जवळजवळ माणूसच वाटावा अशा टप्प्यावर तो अचानक शिसारी आणतो, असा त्याचा कयास होता. निबंधात आलेख होता, मोजमाप नव्हते. तो कयास तपासण्यात पुढच्या पिढ्यांनी बरीच शक्ती खर्च केली. १९९२ मध्ये टोकियोत माणूस-रोबो संवादावरची आंतरराष्ट्रीय परिषद सुरू झाली. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत याच विषयाला वाहिलेली दुसरी वार्षिक परिषद भरली आणि शाखेला स्वतःचे नाव, स्वतःचे निबंध आणि स्वतःचे परीक्षक मिळाले.

या दोन परिषदांच्या मधल्या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बायरन रीव्ज आणि क्लिफर्ड नॅस यांनी केलेले काम आपल्या विषयाला जवळचे आहे. त्यांचे पुस्तक १९९६ चे. त्यांच्या एका प्रयोगात लोकांनी संगणकावर काम केले आणि मग ‘हा संगणक कसा वाटला’ याचे उत्तर दिले. काहींनी ते त्याच संगणकावर दिले, काहींनी दुसऱ्या संगणकावर. ज्यांनी त्याच संगणकावर दिले त्यांनी जास्त चांगले गुण दिले. समोरच्याच्या तोंडावर वाईट कसे बोलावे, हा संकोच माणसे यंत्राशीही पाळतात. ‘यंत्राशी लोक कसे वागतात’ हे लोकांनाच विचारून कळेल का, ही शंका तेव्हापासून या शाखेची पाठ सोडत नाही.

शाखेचे मूळ दोन घराण्यांत आहे, अभियांत्रिकी आणि प्रायोगिक मानसशास्त्र. अभियंत्यांना यंत्र चालते का हे बघायचे असते. मानसशास्त्रज्ञांना दोन गट करून, त्यांच्यात एकच फरक ठेवून, त्या फरकाचा परिणाम मोजायचा असतो. मानववंशशास्त्र आणि अभिकल्पाची माणसे नंतर आली आणि त्यांनी विचारले, यंत्र ज्या जागी राहणार आहे त्या जागेचे काय?

प्रयोगशाळेची बाजू

प्रयोगशाळेच्या बाजूचे म्हणणे असे, की शेतात, घरात, रुग्णालयात एकाच वेळी शंभर गोष्टी बदलत असतात. वारा, गर्दी, घाई, कालचे भांडण. त्यातून रोबोमुळे काय झाले हे वेगळे काढता येत नाही. म्हणून खोली घ्या, माणसे चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटा आणि एकच गोष्ट बदला.

या पद्धतीने काय हाती लागू शकते, याचे ठळक उदाहरण म्हणजे जॉर्जिया टेक या संस्थेतला २०१६ चा प्रयोग. एक रोबो लोकांना एका खोलीपर्यंत वाट दाखवायचा. काहींच्या बाबतीत तो वाट चुकायचाही. मग इमारतीत खोटा धूर सोडून आगीची घंटा वाजवली. आत आलेला दरवाजा माणसांना ठाऊक होता, तरी मुख्य प्रयोगातले सगळे २६ जण रोबोच्या मागे गेले. थोड्या वेळापूर्वी त्याची चूक ज्यांनी पाहिली होती तेही गेले. रोबोवर लोक विश्वास ठेवतील का, हा प्रश्न तोवर सगळे विचारत होते. लोक नको तेवढा विश्वास ठेवतात ही त्याची दुसरी बाजू या प्रयोगाने समोर आणली. खोटी आग लावून हे शोधता आले. खऱ्या आगीत ते कुणी करणार नाही.

प्रयोगशाळेतले दुसरे साधन ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या नावाने ओळखले जाते. नाव १९८० च्या दशकात संगणकाच्या अभ्यासातून आले. रोबो अजून पुरेसा हुशार नसतो, म्हणून पडद्यामागचा माणूस त्याला बोलवतो, हलवतो. कळसूत्री बाहुलीच्या खेळासारखे, फक्त प्रेक्षकाला दोरी आहे हे सांगितलेले नसते. यंत्र बनवण्याआधीच लोक त्याच्याशी कसे वागतील हे पाहता येते, हा मोठा फायदा. स्टॅनफर्डमधल्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये ड्रायव्हरला गाडीच्या सीटसारख्या दिसणाऱ्या पोशाखात लपवले आणि ‘विनाचालक’ गाडीसमोर पादचारी रस्ता कसा ओलांडतात ते पाहिले. पण लॉरेल रीक यांनी २०१२ मध्ये अशा ५४ निबंधांचा आढावा घेतला, तेव्हा अनेकांत पडद्यामागच्या माणसाबद्दल पुरेशी माहितीच दिलेली नव्हती. तो किती शिकलेला होता, कुठे चुकला, त्याला काय दिसत होते? हे ठाऊक नसेल तर लोक रोबोशी वागत होते की एका चतुर माणसाशी, हे सांगणे कठीण.

तिसरे साधन प्रश्नावली. सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत जास्त वापरलेले. क्रिस्टोफ बार्टनेक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘गॉडस्पीड’ नावाच्या पाच मापपट्ट्या मांडल्या: रोबो किती माणसासारखा, किती सजीव, किती आवडता, किती बुद्धिमान आणि किती सुरक्षित वाटतो. उत्तर देणाऱ्याने दोन विरुद्ध शब्दांच्या मधल्या पाच घरांपैकी एकावर खूण करायची. या मापपट्ट्यांमुळे निरनिराळ्या देशांतले निकाल शेजारी ठेवता येऊ लागले, हे त्यांचे श्रेय. त्यांवर आक्षेपही लगेच आले. पाच पट्ट्या पाच वेगळ्या गोष्टी मोजतात की एकच ‘बरा वाटला’ ही भावना पाचदा मोजतात, असे टीकाकारांनी विचारले. २०१७ मध्ये आपुलकी, सक्षमता आणि अस्वस्थता या तीन कसोट्यांवरची दुसरी प्रश्नावली पुढे आली. वाद संपलेला नाही. बहुतेक अभ्यासक आज प्रश्नावलीच्या जोडीला वर्तनाचे मापही घेतात. माणूस रोबोपासून किती अंतरावर उभा राहिला, नजर कुठे होती, हात किती वेळ थबकला, हे चित्रफितीवरून दोन स्वतंत्र निरीक्षक नोंदवतात आणि त्यांच्या नोंदी जुळतात का ते तपासतात. अनेकदा तोंडचे उत्तर एक आणि पायांचे अंतर दुसरेच, असे निघते.

प्रयोगशाळेच्या बाजूवरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप पद्धतीवर नाही, माणसांवर आहे. २०१० मध्ये जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मानसशास्त्राचे ‘सर्वसामान्य माणसा’विषयीचे बरेचसे ज्ञान पाश्चात्त्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत देशांतल्या विद्यार्थ्यांवरून आले आहे. केटी सीबॉर्न आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये रोबोविषयक संशोधनाला हाच प्रश्न विचारला आणि तिथेही सहभागींची विविधता तोकडी असल्याचे दाखवले. त्यात भर म्हणजे मानसशास्त्रातल्या शंभर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांची २०१५ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा साधारण एक तृतीयांशच पूर्वीसारखे निकाल देऊ शकले. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांवर केलेल्या रोबो-प्रयोगांबद्दल तेव्हापासून सावधपणे बोलले जाते, आणि ते योग्यच आहे.

मैदानाची बाजू

दुसऱ्या बाजूचे म्हणणे: रोबो जिथे राहणार तिथे जा, तिथल्या माणसांबरोबर राहा, वेळ द्या.

बिल्गे मुतलू आणि जोडी फोर्लिझी यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात सामान वाहणाऱ्या रोबोचा असा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोबो तोच, रुग्णालय तेच, पण वॉर्ड निराळे. बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिकांना तो हवाहवासा वाटला, त्याच्याशी त्या लडिवाळपणे बोलायच्या. कर्करोगाच्या वॉर्डात तोच रोबो अडगळ ठरला. कॉरिडॉर भरलेले, काम जिवावरचे, आणि हा मध्येच येऊन ‘सामान आले आहे’ म्हणणार. तिथे त्याला लाथाही बसल्या. प्रयोगशाळेत या रोबोला पाचपैकी किती गुण मिळाले असते हे जाणून वॉर्डातले हे अंतर कळले नसते. कामाचा ताण, जागा आणि त्या यंत्रामुळे कोणाचे काम हलके होते आणि कोणाचे वाढते, यांवर सगळे अवलंबून होते. यवतमाळच्या दृष्टीने मला हा अभ्यास या सगळ्या शाखेतला सर्वांत कामाचा वाटतो.

वेळेचा मुद्दा जपानमधल्या एका शाळेने शिकवला. ताकायुकी कांदा आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी बोलणारे दोन रोबो प्राथमिक शाळेत दोन आठवडे ठेवले. निबंध २००४ चा. पहिल्या दिवसांत मुलांचे घोळके जमले. दुसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरली, आणि शेवटपर्यंत खेळत राहिलेल्या मुलांनाच काही फायदा झालेला दिसला. नवलाईचा हा परिणाम आता सर्वमान्य आहे. पण ‘दीर्घकाळ’ म्हणजे किती, यावर एकमत नाही. काही जण दोन महिने पुरे म्हणतात. काहींच्या मते कालावधी दिवसांत मोजूच नये. यंत्र नेहमीच्या कामात मुरले की अभ्यासाचा खरा आरंभ होतो.

मैदानाच्या बाजूच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. एका रुग्णालयाचे निरीक्षण दुसऱ्या रुग्णालयाला लागू होईल याची खात्री नाही. निरीक्षक बदलला की नोंदी बदलतात. आणि तिथे उभा असलेला संशोधक स्वतःच त्या जागेचा भाग होतो.

खेड्यातले दोन अभ्यास

भारतीय खेड्यात रोबो नेऊन केलेले अभ्यास फार थोडे. त्यांतले दोन ग्लासगो विद्यापीठातले अमोल देशमुख आणि केरळच्या अमृता विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांचे आहेत.

पहिला अय्यमपती या आदिवासी गावातला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. लांबून पाणी आणण्याचे काम तिथे रोजचे. चार चाकांचा, मैदानी कामासाठी बनवलेला एक रोबो पाण्याची भांडी वाहायला दिला, त्याला स्थानिक भाषेत बोलायला लावले, आणि लोक त्याच्या पुढे चालतात की बाजूने, त्याला काय समजतात, याची नोंद केली. सहभागी अकरा. संख्या लहान आहे आणि संशोधकांनी तो अभ्यास प्राथमिकच मानला. पण प्रश्न गावाच्या कामातून निघालेला होता, हे त्याचे मोल.

दुसरा वायनाडमधल्या सरकारी प्राथमिक शाळेतला, २०१९ चा. ‘पेपे’ हा हाताच्या आकाराचा हिरवा रोबो हात धुण्याच्या जागेवर भिंतीला लावला होता. त्याचे डोळे हलायचे, तोंडाच्या जागी छोटा पडदा होता. मुले जवळ आली की तो त्यांना थांबवून हात धुवायला सांगायचा, कसे धुवायचे ते दाखवायचा. त्याचा आवाज आणि नजर दूर बसलेला माणूस चालवत होता, म्हणजे विझर्ड पद्धत थेट शाळेच्या अंगणात आली होती. हात धुण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांनी नोंदवले.

या अभ्यासाची ताकद अशी, की त्याने मुलांना ‘पेपे आवडला का’ एवढेच विचारले नाही. हात धुतले गेले की नाही ते मोजले. उरणारा प्रश्न नवलाईचाच. पेपे भिंतीवर सहा महिने राहिला असता, आणि त्याच्यामागचा माणूस उठून गेला असता, तर ते ४० टक्के टिकले असते का?

भीड नावाची अडचण

रीव्ज आणि नॅस यांनी संगणकाच्या बाबतीत जो संकोच पाहिला, त्याचे आपल्याकडचे रूप निकोला डेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये बंगळुरात मोजले. ४५० जणांना एकसारख्याच दोन गोष्टी दाखवल्या आणि त्यांतली एक मुलाखत घेणाऱ्याने बनवलेली आहे असे सुचवले. लोकांनी तीच चांगली म्हणण्याची शक्यता अडीच पटीने वाढली. मुलाखत घेणारा परदेशी असून दुभाष्याची गरज पडत होती, तेव्हा रिक्षाचालकांमध्ये ती पाच पटींवर गेली. उघडउघड हलकी वस्तूही लोकांनी त्याच्या समाधानासाठी उचलून धरली.

यवतमाळात काय होईल? मुलाखत घ्यायला विद्यापीठाचा माणूस आला, सोबत कृषी सहायक आहे, ड्रोन सरकारी योजनेतून आला आहे. धुऱ्यावर उभ्या असलेल्या मजुराला कोणी विचारले, ‘काका, ड्रोन कसा वाटला?’, तर तो ‘बेस आहे’ म्हणेल. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बचत गटातली ताई तर आणखी अडचणीत. तिच्या गटाच्या नावावर यंत्र आहे, हप्ता आहे.

यावर उपाय म्हणून मांडलेल्या पद्धतींत मुंबईत काम केलेल्या अपला लाहिरी चव्हाण यांची ‘बॉलिवूड पद्धत’ प्रसिद्ध आहे. पाहुण्याच्या वस्तूला नावे ठेवायला माणूस कचरतो, पण त्याला एखाद्या नाट्यमय प्रसंगात उभे केले की तो मोकळा होतो, हे त्यामागचे तत्त्व. विमानाचे तिकीट काढण्याची साइट तपासायची होती, तर सांगितले: भाचीचे लग्न ठरले आहे, आत्ताच कळले की नवरा मुलगा आधीच लग्न झालेला आणि गुन्हेगार आहे, लग्न थांबवायला लगेच निघायचे आहे, तिकीट काढा! मग माणसे त्या साइटवर मनापासून चिडली. कल्पक पद्धत आहे. पण ज्या जिल्ह्यात फवारणीचा प्रसंग घराघरात खरोखर घडून गेला आहे, तिथे असा कल्पित प्रसंग रचताना फार जपावे लागेल. ज्या घरातला माणूस त्या खरिपात गेला, त्या घरात ‘समजा फवारताना चक्कर आली’ हे नाटक होऊ शकत नाही. मला ही मर्यादा तांत्रिक वाटत नाही, माणुसकीची वाटते. साधे उपाय तिथे जास्त चालतील: ड्रोनशी संबंध नसलेल्या, गावच्या बोलीत बोलणाऱ्या व्यक्तीने विचारणे, दोन यंत्रांची तुलना करायला सांगणे, मताऐवजी गेल्या आठवड्यात काय केले ते विचारणे.

भाषेचा प्रश्न इथेच येतो. जिल्ह्यात वऱ्हाडी आहे. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी. पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणीकडे गोंडी आणि कोलामी. प्रश्नावलीचे भाषांतर करून, ते दुसऱ्याकडून उलट मूळ भाषेत आणून जुळवून पाहण्याची रीत १९७० पासून रूढ आहे. ती चार बोलींत, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांसाठी, तोंडी आणि चित्रांच्या मदतीने करायची म्हणजे एका स्वतंत्र प्रकल्पाएवढे काम आहे. ते टाळून प्रमाण मराठीतला छापील कागद पुढे केला, तर आकडे येतील आणि ते लिहिता येणाऱ्यांचेच असतील.

वावरात नेमके काय मोजायचे

एकराचा हिशेब जवळून पाहू. पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा. पीक लहान असताना एकराला आठ-दहा पंप, पऱ्हाटी दाटली की त्याहून जास्त. प्रत्येक पंपाला मिश्रण ढवळायचे, पाठीवर घ्यायचे, ओळीतून चालायचे. ड्रोनची टाकी साधारण दहा लिटरची, आणि तेवढ्यात एकर होतो, तोही दहा मिनिटांच्या आसपास. चालणारा माणूस फवाऱ्यातून खरोखरच बाहेर आला. पण औषध तेवढेच आणि पाणी कितीतरी कमी, म्हणजे टाकीतले मिश्रण बरेच दाट. ते धुऱ्यावर बसून कोण कालवतो? टाकी भरताना हात कोणाचे ओले होतात? बहुतेकदा तो मजूर असतो, किंवा शेतमालकाची बायको, किंवा बचत गटातली मदतनीस. शेजारच्या वावरात निंदण करणाऱ्या बायकांवर वाऱ्याने काय उडते, हा आणखी वेगळा प्रश्न.

इथे या शाखेच्या सवयीची कसोटी लागते. रोबोच्या अभ्यासात ‘वापरणारा’ म्हणजे यंत्रासमोर उभी असलेली व्यक्ती, असे बहुधा गृहीत धरले जाते. ड्रोनच्या बाबतीत ती रिमोट धरलेली प्रशिक्षित ताई. विषाचा संबंध मात्र ज्या माणसांशी जास्त येतो ती चौकटीच्या बाहेर राहतात. नुसते जवळून जाणाऱ्या, यंत्राशी काही देणेघेणे नसलेल्या माणसांचा अभ्यास अलीकडे सुरू झाला आहे. ड्रोनला हाताच्या खुणांनी कसे बोलावावे यावर जेसिका कॉशार्ड यांनी २०१५ मध्ये काम केले, तेव्हापासून माणूस-ड्रोन संबंध ही उपशाखाच झाली. पण तिचा भर शहरी, छोट्या, कॅमेऱ्याच्या ड्रोनवर राहिला.

विषाचा संपर्क मोजण्याची साधने व्यवसायजन्य आरोग्याच्या शाखेत आधीपासून आहेत. कपड्यांवर शोषक पट्ट्या लावून त्यांत किती औषध उतरले ते तपासणे. मिश्रणात अतिनील प्रकाशात चमकणारे निरुपद्रवी रंगद्रव्य घालून नंतर अंगावर ते कुठे दिसते ते पाहणे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांसाठी रक्तातल्या कोलिनेस्टरेज या विकराची पातळी हंगामाआधी आणि हंगामात मोजणे. रोबोच्या परिषदांतल्या निबंधांत ही मापे सहसा दिसत नाहीत आणि आरोग्याच्या निबंधांत ‘यंत्रावर विश्वास का बसला’ हा प्रश्न दिसत नाही. यवतमाळला दोन्ही एकाच अभ्यासात लागतील. जॉर्जिया टेकच्या धुराने शिकवलेला अतिविश्वास इथे असा दिसू शकतो: ड्रोन आला म्हणजे धोका गेला असे समजून मिश्रण करणारा हातमोजेही काढून ठेवेल. हे कयास आहेत. पण तपासता येण्याजोगे आहेत.

एक पेच मला अजून सुटलेला दिसत नाही. विष घालून प्रयोग करणे नैतिक नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या बाजूचे लोक म्हणतील: टाकीत साधे पाणी आणि रंगद्रव्य घाला, माणसे गटांत वाटा, वागणे मोजा. मैदानाच्या बाजूचे म्हणतील: पाणी आहे हे माहीत असलेला माणूस विषाला भिणाऱ्या माणसासारखा वागणारच नाही, आणि आपल्याला तर ती भीतीच, किंवा तिचा अभाव, पाहायचा आहे. मग पाणी आहे हे सांगायचेच नाही का? विझर्ड पद्धतीत तेवढी फसवणूक चालवून घेतली जाते, नंतर सगळे उलगडून सांगितले की झाले. विषबाधेची आठवण ताजी असलेल्या गावात अशी फसवणूक कितीही अल्पकाळची असली तरी चालवून घ्यावी का, यावर संशोधकांमध्ये गंभीर मतभेद होतील. मी फसवणूक नको म्हणणाऱ्यांकडे झुकतो: सांगूनच करावे, आणि भीतीचा भाग खऱ्या फवारणीच्या वेळी नुसत्या निरीक्षणातून घ्यावा, जरी त्यात नेमकेपणा कमी झाला तरी.

संमती, मजुरी आणि तुलना

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निरक्षर सहभागीची संमती साक्षीदारासमोर, त्याच्या भाषेत समजावून घ्यावी लागते. कागदावर ही सोय आहे. पण मालकाच्या शेतात राबणाऱ्या सालदाराने मालकासमोर दिलेला अंगठा किती स्वेच्छेचा? शिवाय ड्रोनच्या कॅमेऱ्यात शेजारच्या शेतातली माणसे टिपली जातात. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा आल्यापासून हा प्रश्न केवळ सौजन्याचा उरलेला नाही.

मजुरीचा प्रश्न आणखी अवघड. फवारणीचा रोज हा अनेक भूमिहीन कुटुंबांच्या खरिपातला नगद पैसा. ड्रोनने तो गेला, तर ज्याचा जीव वाचवायला यंत्र आणले त्याच माणसाची मिळकत त्या यंत्राने घटेल. हे बघण्याची साधने अर्थशास्त्राकडे आहेत, रोबोच्या प्रश्नावल्यांत नाहीत. यंत्र बनवण्याच्या टप्प्यापासूनच अशा माणसांना सामील करून घ्यावे, असे सहभागी अभिकल्पाचे पुरस्कर्ते म्हणतात. टीकाकार विचारतात, ड्रोन तर दुसरीकडे बनून, योजनेतून ठरून आला. आता गावकऱ्यांनी नेमके काय ठरवायचे? भाड्याचा दर, फवारणीचे वेळापत्रक, मिश्रण कोणी आणि कुठे करायचे, एवढे तरी ठरवता येईल, असे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे, तरी निरुपयोगी नाही.

शेवटचा मुद्दा तुलनेचा, आणि त्याला वेळेची मर्यादा आहे. कपाशीचा हंगाम एक, त्यात फवारण्या चार-पाच. नवलाई ओसरायला दोन खरीप तरी हवेत. ड्रोनने काय बदलले हे सांगायला ड्रोन न आलेली गावे हवीत, आणि ड्रोन येण्याआधीच्या नोंदीही. सार्वजनिक आरोग्यात यासाठी टप्प्याटप्प्याची रचना वापरतात. गांबियात १९८० च्या दशकात हिपॅटायटिस-बी ची लस सगळ्या भागांना एकदम देता येणार नव्हती, म्हणून कोणत्या भागाला आधी आणि कोणाला नंतर हे चिठ्ठ्यांनी ठरवले. कोणताही भाग कायमचा वंचित राहिला नाही आणि तुलनाही झाली. ड्रोनही सगळ्या गावांना एकदम मिळत नाहीतच. पण ते कोणत्या गटाला मिळावेत हे योजनेच्या निकषांवर ठरते, चिठ्ठीवर नाही. आणि सक्षम गटाला आधी यंत्र देण्यात प्रशासनाची बाजू चुकीची म्हणता येत नाही. तसे झाले की ड्रोन आलेली गावे आणि न आलेली गावे मुळातच वेगळी असतात, आणि मग फरक यंत्राचा की गावाचा, हे नंतर कोणत्याही गणिताने पुरते सुटत नाही. जिल्हा प्रशासन, कृषी विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय यांनी वाटपाआधी एकत्र बसून काही तालुक्यांपुरती तरी चिठ्ठीची पद्धत मान्य करायची की नाही, हे ठरवावे लागेल. आणि ड्रोन न आलेल्या गावांतल्या फवारणाऱ्यांच्या रक्ताची पहिली नोंद जूनमध्ये, पेरणीच्या सुमारास, घ्यावी लागेल. पहिल्या फवारणीनंतर ती घेता येत नाही.